ओल्या-कोरड्याचे दप्तर

(स्मृतिव्याख्यानमालेतील पहिल्या दिवसाचे व्याख्यान, मुद्रणासाठी किंचित संस्कारून)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला या नगरीत चालते ते गृहस्थ पाटबंधारे खात्यात उभी हयात ओव्हरसियर होते आणि त्यांनी जन्मात एकही व्याख्यान दिले नाही, ही गोष्ट त्यांच्या नावाने बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाला काहीशी ओशाळवाणी वाटावी अशीच आहे. त्यांच्या चिरंजीवांच्या कृपेने मला त्यांच्या दोन वह्या पाहावयास मिळाल्या. एक सरकारी नमुन्याबरहुकूम आखलेली, फाट्यावर किती पाणी सुटले याची. दुसरी शंभरपानी, खासगी, त्याच पाण्यावर कोणकोणते पाखरू उतरले याची. सरकारी वहीत पक्ष्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि तो नसावा हे साहजिकच आहे. पण खासगी वहीत मात्र पक्ष्यांच्या नावांआधी, डाव्या समासात, त्या दिवशीची पाण्याची पातळी फूट-इंचांत नेमाने लिहिलेली आहे. चक्रवाक आले की गेले हे सांगण्यापूर्वी पाणी किती होते हे सांगितले पाहिजे, असे त्यांना वाटत असावे. आजच्या माझ्या विषयाचे सूत्र मला त्या समासात सापडले, म्हणून हा ऋणनिर्देश आरंभीच करून ठेवतो.

विषय उत्तर अमेरिकेतील सान पेद्रो नावाच्या नदीचा आहे. आपल्या हाकेच्या अंतरावर, निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर असताना, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची गणना झालेली असताना, वक्त्याने साता समुद्रांपलीकडची एक ओढ्याएवढी नदी का उचलावी, हा प्रश्न पहिल्या रांगेतील काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतो आहे. त्याचे एक उत्तर निव्वळ घरगुती आहे. माझी कन्या ॲरिझोना संस्थानात टूसॉन शहरी राहते (अमेरिकेच्या घटकराज्यांना संस्थाने म्हणण्याची आमच्या पिढीची खोड जात नाही, ती श्रोत्यांनी चालवून घ्यावी), आणि तिच्याकडे एकदा मार्चअखेरीपासून जुलैपर्यंत मुक्काम घडला तेव्हा ही नदी मी जवळून पाहिली. दुसरे उत्तर असे की पक्ष्यांसाठी नदीकाठ राखून ठेवणे म्हणजे नेमके काय राखणे, आणि हद्दीचे दगड रोवून झाल्यानंतरही राखावयाचे काय उरते, हा प्रश्न त्या नदीवर जितका उघडा पडला आहे तितका तो फार थोड्या ठिकाणी पडला असेल.

सान पेद्रो मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात, तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कानानेआ गावाजवळ उगम पावते, सरहद्द ओलांडून ॲरिझोनात शिरते आणि सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांची वाटचाल करून हिला नदीला मिळते. म्हणजे ती उत्तरवाहिनी आहे. आपल्याकडे असती तर तिच्या काठी निदान दहाबारा शिवालये आणि तितक्याच धर्मशाळा उभ्या राहिल्या असत्या. ज्या खोऱ्यातून ती वाहते तेथे वर्षाला तीस-चाळीस सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशाची गणना आपण अवर्षणग्रस्त मुलखात करतो, पण त्यालाही याहून अधिक लाभतो. प्रथमदर्शनी माझी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. गोदेच्या काठी वाढलेल्या माणसाला घोट्याएवढे पाणी दाखवून ही नदी असे सांगितले तर त्याला यजमानांचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून गप्प बसावे लागते. परंतु त्याच दिवशी सायंकाळी पश्चिमेच्या टेकडीवर चढून मागे पाहिले, तेव्हा क्षितिजापर्यंत पसरलेल्या मातकट, काटेरी माळावर, जुन्या लुगड्याला नवा काठ लावावा तशी, एक अरुंद गडद हिरवी पट्टी दक्षिणोत्तर गेलेली दिसली. पाणी त्या उंचीवरून दिसतच नव्हते. दिसत होती ती पाण्याची साक्ष देणारी झाडे.

ती झाडे मुख्यत्वे दोन. एक कॉटनवुड, पॉप्लरच्या कुळातील, साठ-सत्तर फूट उंचीचा, वाऱ्याच्या झुळकीसरशी सगळी पाने सळसळविणारा वृक्ष. आणि दुसरा त्याचा सोबती विलो, ज्याचा आपल्याकडील भाऊबंद नदीकाठचा वाळुंज होय. या दोहोंच्या आश्रयाने जे पक्षिजीवन नांदते त्याची नुसती मोजदाद ऐकली तरी मन थक्क होते. नदीच्या संरक्षित भागात शंभराहून अधिक जातींचे पक्षी घरटी करतात, आणि स्थलांतराच्या वाटेवर किंवा हिवाळ्यापुरत्या उतरणाऱ्या जाती अडीचशेवर आहेत. मध्य अमेरिकेतून कॅनडाकडे निघालेल्या इवल्या गाणाऱ्या पाखरांना शेकडो मैलांच्या तापलेल्या प्रदेशात ही पट्टी म्हणजे पंढरीच्या वाटेवरचा मुक्काम आहे. दरवर्षी १० ते ४० लाख पाखरे हा मार्ग धरतात असा अंदाज दिला जातो. ज्या अंदाजाची खालची आणि वरची हद्द चौपटीने वेगळी आहे तो अंदाज करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा समजावा, असे माझे मत आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत जागतिक महत्त्वाची पक्षिक्षेत्रे ठरविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा पहिला मान या नदीला मिळाला. हीच कल्पना पुढे आपल्या देशात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने राबविली आणि २००४ साली भारतातील ४६६ स्थळांची यादी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे.

या पक्ष्यांना मराठीत नावे नाहीत. मारुती चितमपल्लींनी आपल्या पक्षिकोशात इकडच्या पाखरांच्या लोकनामांचा केवढा साठा गोळा करून ठेवला आहे हे आपण जाणताच; पण तिकडची पाखरे आमच्या कातकऱ्यांनी आणि पारध्यांनी पाहिलेली नाहीत, तेव्हा मला आपली नावे घरच्या घरी पाडावी लागली. मनगटाएवढे शरीर, पाठ काळपट, आणि डोके-छाती अशी की जणू मारुतीच्या मूर्तीला लावून उरलेला शेंदूर कोणी तिच्यावर पुसला आहे, अशा एका पाखराला मी शेंदरी माशीमार म्हणू लागलो. (आपल्या माशीमारांशी याचे रक्ताचे नाते नाही, धंदा एक, कूळ वेगळे.) दुसरा, वाळुंजीच्या गर्द झुडपात, ओल्या जमिनीवर किंवा साचल्या पाण्यालगत घरटे बांधणारा मळकट रंगाचा वाळुंज-माशीमार. त्याची नैर्ऋत्येकडील उपजात १९९५ साली विनाशोन्मुख म्हणून कायद्याच्या यादीत दाखल झाली. तिसऱ्या पक्ष्याला मात्र नाव पाडण्याची गरज पडली नाही, कारण तिकडच्या शेतकऱ्यांनी ते आधीच पाडून ठेवले होते.

पिवळ्या चोचीचा तो कोकीळकुळातील पक्षी दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढून जूनच्या मध्यास या झाडीत येऊन पोहोचतो, आणि त्याचा आवाज ऐकू आला की पाऊस जवळ आला असे समजून त्याला जुने लोक 'पावसाचा कावळा' म्हणत. 'पेरते व्हा' सांगणाऱ्या पावशाच्या मुलखातून आलेल्या मला हे ऐकून किती बरे वाटले हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वाळवंटालाही मौसमी पाऊस आहे, त्यालाही मॉन्सूनच म्हणतात, आणि टूसॉनकडील स्पॅनिश परंपरेत २४ जून हा संत जॉनचा दिवस, म्हणजे साधारण आपल्या आर्द्रा नक्षत्राचा आरंभ, हा त्या पावसाचा मुहूर्त मानतात. पाऊस पडला की कॉटनवुडवर सुरवंट आणि रातकिडे माजतात आणि त्या खाद्याच्या हिशेबाने हा पक्षी जुलै-ऑगस्टात घाईघाईने घरटे उरकतो. अंडे घातल्यापासून पिल्लू घरट्याबाहेर पडेपर्यंत सगळा संसार अडीच आठवड्यांच्या आसपास आटोपतो. आपल्या पावशासारखा तो आपली अंडी दुसऱ्याच्या पदरात सहसा घालीत नाही, एवढा त्याच्या चारित्र्याचा दाखला देणे न्यायाचे होईल. अमेरिकेच्या पश्चिम भागातील त्याच्या वंशाला २०१४ साली संकटग्रस्त ठरविण्यात आले, आणि त्याचे कारण शोधू जाता शिकारी, विष किंवा फासे यांपैकी काहीच प्रमुख नसून नदीकाठची झाडी नाहीशी झाली हेच मुख्य असल्याचे दिसते.

ही झाडी कशी जगते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कज्जा समजणार नाही, म्हणून येथे जरा थांबतो. मी गेलो तेव्हा, एप्रिलच्या आरंभी, कॉटनवुडचा कापूस उडत होता. सावरीची बोंडे फुटली की जी हवेत तरंगते आणि जिला लहानपणी आपण म्हातारी म्हणून पकडावयास धावत असू, तशाच असंख्य म्हाताऱ्या त्या नदीवर उतरत होत्या. त्यांतील बीज मोहरीहून बारीक, आणि त्याचे आयुष्य फार झाले तर चारपाच आठवड्यांचे. तेवढ्या मुदतीत त्याला पुराने नुकतीच धुऊन काढलेली, दुसऱ्या कोणत्याही रोपाने न बळकावलेली, उन्हात उघडी आणि तळातून ओली अशी वाळू मिळाली पाहिजे. मिळाली तर ते एकदोन दिवसांत रुजते, आणि मग शर्यत सुरू होते: पूर ओसरला की वाळूखालच्या पाण्याची पातळी उतरू लागते आणि रोपाचे मूळ तिच्या पाठोपाठ खाली धावते. पातळी दिवसाला इंचभर या गतीने उतरली तर मूळ तिला गाठते. त्याहून भराभर उतरली तर जूनच्या उन्हात रोप जागच्या जागी वाळते. जे जगले ते मोठे झाल्यावरही त्या पाण्यावरून मुळे उचलीत नाही. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील ज्युलिएट स्ट्रॉमबर्ग या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नदीवर वर्षानुवर्षे विहिरी आणि झाडे मोजून २००५ साली जे आकडे मांडले ते असे: ज्या टापूत वर्षातील शेकडा ७६ हून अधिक दिवस नदी पृष्ठावर वाहते, भूजल अडीच मीटरांच्या आसपास किंवा त्याहून वर असते, आणि वर्षावर्षांतील चढउतार अर्ध्या मीटरच्या आत राहतो, तेथे कॉटनवुड आणि वाळुंज यांचे राज्य टिकते. त्या रेषेच्या पलीकडे ते ढासळते आणि झाऊच्या कुळातील एक परदेशी झुडूप त्यांची जागा घेते.

या झुडपाबद्दल दोन शब्द, विषयांतर करून. जुन्या जगातून शोभेसाठी आणि माती धरून ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तिकडे नेलेल्या या झाऊने अमेरिकेच्या नद्या व्यापल्या. आणि उलट, त्या नदीच्या काठी जो मेस्किट हा मूळचा, मानाचा, कोल्ह्यांपासून माणसांपर्यंत सर्वांना शेंगा पुरविणारा वृक्ष आहे, त्याचीच सख्खी चुलत बहीण आपल्याकडे वेडी बाभूळ या नावाने येऊन माळ-तळी गिळून बसली आहे. या देवघेवीत कोण फसले हे सांगणे कठीण. झाऊ उपटून टाका म्हणणाऱ्यांनी त्याची पाने खाणारे भुंगेरे आयात करून सोडले, ते सोडल्यावर लक्षात आले की तो दुर्मीळ वाळुंज-माशीमार अनेक ठिकाणी वाळुंज संपल्यामुळे नाइलाजाने झाऊवरच घरटी करू लागला आहे, आणि २०१० साली त्यांच्या कृषिखात्याला ते भुंगेरे सोडणे थांबवावे लागले. पक्ष्याला वनस्पतीची जात विचारावयाची नसते. त्याला सावली, किडे आणि खाली ओल पाहिजे असते.

आता संरक्षणाची हकीकत. हा नदीकाठ नेहमी असाच होता असे नाही. १८२० नंतरच्या दशकात जेम्स पॅटी नावाचा फासेपारधी येथे आला तेव्हा बीव्हर या बांध घालणाऱ्या प्राण्यांची इतकी रेलचेल होती की त्याने नदीला त्यांचेच नाव दिले. त्यांच्या बांधांमुळे जागोजाग दलदली होत्या, आणि काठच्या छावणीतले सैनिक, वाळवंटात असूनही, हिवतापाने आजारी पडत. पुढे कातड्यांसाठी बीव्हर मारले गेले, मागोमाग गुरांचे कळप आले, चांदीच्या खाणी आल्या, आगगाडी आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीचे पात्र पुरांनी खोल कापले जाऊन पाणथळी उताण्या पडल्या. काठची मोठी जमीन मेक्सिकन अमदानीतील दोन सनदांखाली, इनामासारखी, अखंड राहिली होती. ती हस्ते परहस्ते एका बड्या कंपनीच्या मालकीत आली, आणि १९८६ साली मध्यवर्ती सरकारने अदलाबदलीने ती आपल्याकडे घेतली. १८ नोव्हेंबर १९८८ रोजी काँग्रेसने कायदा करून सुमारे ६४ किलोमीटर लांबीची, ५७,००० एकरांच्या आसपासची ही पट्टी नदीकाठाच्या संरक्षणार्थ राखीव केली. नदीचा काठ, काठ म्हणून, राखण्याचा असा हा त्या देशातील पहिलाच कायदा होय.

गुरे त्याआधीच, १९८७ च्या अखेरीस, हटविण्यात आली होती. याचा परिणाम ज्यांनी मोजला त्यांचे आकडे मी दोनदा वाचून खात्री केली, कारण प्रथम ते मला खरे वाटले नाहीत. १९८६ मध्ये नदीकाठाने चालताना दर किलोमीटरला सरासरी १०३ पक्षी आढळत. १९९१ मध्ये २२१. तपासलेल्या ६१ जातींपैकी ४२ वाढल्या, १९ घटल्या. काही लावावे लागले नाही, पेरावे लागले नाही. चराई थांबली आणि जमिनीलगतचे गवत-झुडूप आपोआप उठले. १९९९ पासून बीव्हरही पुन्हा आणून सोडण्यात आले. येथे एखादा कथाकार 'आणि ती नदी सुखाने वाहू लागली' असे म्हणून दिवा मालवील.

पण नदी वाहते ती कशाने? पावसाळ्याचे चार पूर सोडले तर वर्षभर त्या पात्रात दिसणारे पाणी हे पश्चिमेच्या वाचूका पर्वतावर शतकानुशतके मुरलेल्या पावसाचे, जमिनीच्या पोटातून हळूहळू झिरपत येणारे पाणी आहे. पर्वत आणि नदी यांच्या मधोमध १८७७ पासूनची एक लष्करी छावणी आहे आणि छावणीच्या आधाराने वाढलेले चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचे सिएरा व्हिस्टा हे शहर आहे, आणि त्या दोघांचे पाणी विहिरींचे आहे. विहीर उपसली की तिच्या भोवती भूजलात नरसाळ्यासारखा खड्डा पडतो, तो वर्षागणिक रुंदावत जातो, आणि आज ना उद्या त्याची कड नदीच्या तळाशी येऊन पोहोचते. आज उपसा बंद केला तरी मागे पडलेले नरसाळे पसरतच राहते; आजोबांनी काढलेल्या कर्जाचा हप्ता नातवाच्या नावावर निघावा, तसा हा व्यवहार आहे, आणि त्याची नोटीस मात्र कोणालाच बजावलेली नसते. २००५ च्या जुलैमध्ये चार्ल्स्टन येथील मापनकेंद्रावर, जेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून नोंदी ठेवल्या जातात, प्रथमच नदी कोरडी पडल्याची नोंद झाली. त्या क्षणी राखीव क्षेत्राच्या हद्दीतील एकही झाड तोडलेले नव्हते आणि एकाही पक्ष्यावर कोणी बंदूक रोखलेली नव्हती.

कायद्याने या स्थितीत काय केले ते पाहू जाता आपल्यापैकी वकील मंडळींना कौतुक वाटेल. ॲरिझोनात नदीचे पाणी हे 'जो आधी त्याचा हक्क आधी' या तत्त्वाने मिळते: टंचाई आली तर सर्वांत जुन्या वहिवाटदाराने आपला वाटा पुरता घ्यावा आणि धाकट्यांनी उरले तर घ्यावे. (आमच्या पांझरा-मोसमच्या फड पद्धतीत पाणी कमी आले तर फडच कमी भिजवावयाचा आणि तूट सर्वांनी वाटून घ्यावयाची, असा रिवाज आहे, तेथील पाटकऱ्याला हा अमेरिकन न्याय कोणी समजावून सांगितला असता तर त्याने ऐकून घेतले असते एवढेच.) परंतु जमिनीखालचे पाणी हे त्या कायद्याच्या दृष्टीने नदीचे पाणीच नव्हे, ते जमिनीच्या मालकाचे. १९८० साली त्यांनी भूजलाचा कडक कायदा केला खरा, पण तो ठराविक टापूंपुरता, आणि वरची सान पेद्रो त्या टापूंत नाही. मग नदीखालून वाहणाऱ्या पोटप्रवाहाची हद्द कोठे संपते आणि मालकाचे भूजल कोठे सुरू होते, यावर वाद. हिला नदीच्या खोऱ्यातील सर्व हक्कांची निश्चिती करण्याचा मुकद्दमा १९७४ साली दाखल झाला. तो आजही दप्तरदाखल झालेला नाही. मध्यवर्ती सरकारचे म्हणणे असे की ज्या दिवशी काँग्रेसने ही पट्टी राखीव केली त्याच दिवशी तिच्यापुरते पाणीही राखीव झाले. हे तत्त्व १९०८ च्या एका जुन्या निवाड्यापासून मान्य आहे, आणि १९७६ साली तर त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने नेवाडाच्या वाळवंटातील एका कुंडातल्या बोटभर माशांसाठी शेजारच्या विहिरींचा उपसा मर्यादित केला होता. पण किती पाणी राखीव झाले? तो आकडा ठरल्याखेरीज शेजारच्या नव्या वसाहतींना परवाना देताना तो विचारात घेण्याचे बंधन नाही, असे ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. आकडा ठरला तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये: नदीतील प्रवाह किती असावा आणि ठराविक निरीक्षण-विहिरींतील पातळी किती असावी, हे न्यायालयाने नेमून दिले.

या शेवटच्या कलमाकडे आपले लक्ष वेधतो. पक्ष्यांसाठी राखलेल्या क्षेत्राचा हक्क शेवटी कशात मोजला गेला? झाडांच्या संख्येत नाही, एकरांत नाही, पक्ष्यांच्या जातींत नाही. विहिरीतील पाण्याच्या पातळीत. कायदा होऊन गेल्यावर पस्तीस वर्षांनी न्यायासन त्या समासापाशी येऊन पोहोचले, जो आमच्या ओव्हरसियरसाहेबांनी शंभरपानी वहीत कोणी न सांगता आखला होता.

याचा अर्थ मधल्या काळात सगळे हातावर हात ठेवून बसले होते असे कृपया समजू नका. छावणीने आपला उपसा निम्म्याहून अधिक कमी केला; शहर आपले सांडपाणी शुद्ध करून २००२ पासून जमिनीत मुरवू लागले, म्हणजे जे जमिनीखालून काढले त्यातले काही जमिनीखाली परत जाऊ लागले; नदीलगतच्या शेतमालकांकडून उपशाचे हक्क विकत घेऊन ते कायमचे बंद ठेवण्याचे करार झाले. २००३ साली काँग्रेसने फर्माविले की २०११ च्या सप्टेंबरअखेर या खोऱ्यातील जमाखर्चाचा मेळ बसलाच पाहिजे. मुदत आली आणि गेली, तूट राहिली. ती पूर्वीपेक्षा कमी होती एवढे समाधान. मला स्वतःला, सरकारी मुदतींचा आयुष्यभराचा अनुभव असल्याने, तूट राहिल्याचे नवल वाटले नाही. तूट इतकी नेटकी मोजून लोकांसमोर मांडली गेली याचे वाटले. आपल्याकडे १८८२ च्या इझमेंट ॲक्टापासून विहीर ज्याच्या शेतात पाणी त्याचे, हीच समजूत रूढ आहे. तिला आळा घालणारा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. परंतु आपल्या एखाद्या पाणथळीच्या हद्दीबाहेर पाच किलोमीटरवर नवी कूपनलिका पडते तेव्हा तिची नोंद पाणथळीच्या दप्तरात कोणी घेतो काय, हे मी येथे बसलेल्या अधिकाऱ्यांना जाबसालाच्या सुरात नव्हे, केवळ जिज्ञासेपोटी विचारतो.

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आली आहे. सरहद्दीवर २०२० साली नदीच्या पात्रातून उभारलेल्या पोलादी भिंतीबद्दल, आणि कोलोराडो नदीच्या वाळलेल्या मुखप्रदेशात दोन देशांनी करार करून २०१४ च्या वसंतात आठ आठवडे पाणी सोडले त्या अद्भुत प्रसंगाबद्दल बोलावयाचे होते. ते उद्यावर टाकतो. एक लहानशी हकीकत सांगून बसतो.

दरवर्षी जूनच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे पावसाआधीच्या सर्वांत रखरखीत दिवसांत, स्वयंसेवकांच्या तुकड्या ही नदी पायी आणि घोड्यांवरून चालून जातात आणि कोठे पाणी आहे, कोठे नाही, एवढेच टिपतात. १९९९ पासून हा नेम चालू आहे आणि मेक्सिकोच्या बाजूनेही माणसे चालतात. नकाशावर ओल्या भागाला एक रंग, कोरड्याला दुसरा. वर्षामागून वर्ष हे नकाशे एकावर एक ठेवले की नदीची नाडी दिसते. मुलीच्या ओळखीने मलाही एका तुकडीत घेतले. आमच्या म्होरक्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे यंत्र आणि हातात कागद. पहाटे साडेपाचला निघालो ते नऊपर्यंत वाळू पायतळी तापली. 'ओले' सुरू, 'ओले' समाप्त, 'कोरडे' सुरू. एका वळणावर, उंच कॉटनवुडच्या सावलीत, वाळूचा रंग एकाएकी गडद झालेला दिसला. पाणी नव्हते. त्या जागी हरणाच्या खुरांचे ताजे ठसे होते आणि प्रत्येक ठशाच्या तळाशी काहीतरी लकाकल्यासारखे होत होते. माझ्याने राहवले नाही. आजोळी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात आम्ही पोरे झिरे खणीत असू, त्या सवयीने मी काठी बाजूला ठेवून गुडघे टेकले आणि ओंजळीने वाळू उपसू लागलो. हातभर खोल गेल्यावर कडा ढासळल्या आणि तळाशी गढूळ, गार पाणी जमू लागले. तुकडीतील तरुण मंडळी भोवती जमून हसली. बाईंनी वाकून पाहिले, मान हलविली, आणि नियमाप्रमाणे पृष्ठावर पाणी नाही म्हणून कागदावर लिहिले: कोरडे. नियम बरोबरच होता. पंचवीस वर्षांच्या नोंदींची तुलना व्हावयाची तर प्रत्येकाने आपापल्या झिऱ्याची भर घालून चालणार नाही.

ती मंडळी पुढे निघाली. मी बुटातली वाळू झाडण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळलो आणि दहा पावले दूर जाऊन वळून पाहिले, तो त्या खळग्याच्या काठावर तो येऊन बसला होता. खिशातली माझी वही काढून, डाव्या समासात आधी पाणी आणि मग पुढे पाखरू, असे लिहिले: वाळूखाली एक हात. शेंदरी माशीमार, नर, एक.